भर दुपारी भुताचे पिक्चर

नत्थूजी झाडे भुताचे पिक्चर भर दुपारी पाहत. तेही मे महिन्यात, दोन ते साडेचारच्या दरम्यान, जेव्हा वर्ध्याच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. पुढचं दार सताड उघडं, मागचं दार सताड उघडं, खिडकीतला कूलर पूर्ण वेगावर आणि टीव्हीचा आवाज त्या कूलरवर मात करील इतका मोठा. दारं उघडी ठेवली की उन्हाच्या झळा आत येतात, मग कूलर लावून उपयोग काय, हे त्यांना सगळ्यांनी समजावून झालं होतं. ते म्हणत, "अंगाले गार लागलं नाई तरी चालते. पळाले रस्ता पाह्यजे."

आमची घरं लागून. मधे छातीएवढी भिंत. त्या भिंतीवर दुपारचं त्यांचं पांढरं डोकं दिसलं की मी समजायचो. "मास्तर, ये बा. भुताचा लावून राह्यलो. एकट्यानं नाई पाह्यत मी." मी शाळामास्तर, मे महिन्यात रिकामा. आणि खरं सांगायचं तर मला पिक्चरपेक्षा नत्थूजींना पाहायला आवडायचं. मी गेलो की ते मला दिवाणावर अगदी खेटून बसवायचे आणि पडद्यावर दार करकरलं की माझं मनगट धरायचे. लाइनमनची पकड ती. घरी आलो की माझी बायको मनगटावर उमटलेली बोटं पाहून विचारायची, "आज कोणतं भूत होतं?"

दुपारच्या वेळेला एक कारण होतं. नत्थूजींच्या मते ती पिक्चरची परीक्षा होती. "रात्री कोनीबी भेते. अंधार असते, कुत्रे रडून राह्यले असते, त्यात पिक्चरवाल्याची काय कमाल? भर दुपारी, शेजारी कुकरची शिट्टी होऊन राह्यली, बाहेर भंगारवाला वरडून राह्यला, अन् तरी ज्यानं तुह्या अंगावर काटा आनला, तो खरा." या परीक्षेत बहुतेक पिक्चर नापास होत. नापास झालेल्यांबद्दलही ते दयेनं बोलत. लोकर चिकटवलेली भुतं, पाठीवर चेन दिसणारे राक्षस, एका डोळ्याचं भिंग निसटलेली चेटकीण, या सगळ्यांना त्यांनी मनापासून माफ केलं होतं. "भूत येईपर्यंत भूत चांगलंच असते मास्तर. आल्यावर त्याची फजिती होते. त्यात त्या बिचाऱ्याचा काय कसूर?"

ते वीज खात्यात लाइनमन होते. नोकरीची बरीचशी वर्षं कारंजा घाडगेला गेली. हायवेवर ढाब्यांची रांग, आणि त्यातल्या एका ढाब्याच्या मागे टिनाच्या खोलीत व्हिडिओ सेंटर. खाली सतरंजी, पुढे टीव्ही, आणि प्रेक्षक म्हणजे ट्रक ड्रायव्हर. ड्रायव्हर पिक्चरच्या मध्यावर येऊन बसायचे आणि संपायच्या आत उठून जायचे. अशा गिऱ्हाइकासाठी चांगला पिक्चर आणून वाया कोण घालवणार? मालक नागपूरहून कोणी न घेतलेल्या कॅसेटी उचलून आणायचा. नाव नसलेल्या, कव्हर फाटलेल्या. टेपची सुरुवात घासून घासून गेलेली, त्यामुळे पडद्यावर नाव यायच्या जागी नुसत्या मुंग्या. ड्रायव्हर निघून गेले तरी नत्थूजी शेवटपर्यंत बसायचे. पुष्कळदा त्या खोलीत ते एकटे आणि मालक एवढेच असत, आणि मालक झोपलेला असे.

म्हणून त्यांच्या सगळ्या आवडत्या पिक्चरांना नावं नव्हती. त्यांनीच नावं ठेवली होती. टपालवाला. बहिरा. रेस्टहाउसचा. मुलानं, प्रशांतनं, पुण्याहून नवा टीव्ही पाठवला, ज्याच्याशी बोललं की तो शोधून देतो, तेव्हा नत्थूजींनी पहिल्याच दिवशी रिमोट तोंडापाशी धरून त्याला सगळी गोष्ट सांगितली. "एक टपालवाला आहे. नवीनच लागला आहे नोकरीले. एका बंगल्यात चिठ्ठी टाकते. खिडकीतून हात येते, बस हात." टीव्हीनं विचार केला आणि भजनं लावली. नत्थूजींनी पुन्हा सांगितलं, जरा जोरात, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं. मग कीर्तन लागलं. झाडेकाकू आतून म्हणाल्या, "त्याले समजून राह्यलं तुमचं वय."

मग शोधायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी सांगायचं, मी टाईप करायचं. पाच-सहा शोधांनंतर एखादा सापडायचा, धुरकट, कडेला कोणाच्यातरी चॅनेलचं चिन्ह, मधली दहा मिनिटं गायब. नत्थूजी खुर्ची पुढे ओढून म्हणायचे, "हाव, हाच. हाच लेकाचा."

टपालवाला मी त्यांच्यासोबत चारदा पाहिला. पोस्टमन रोज पत्र देतो, खिडकीतून हात येतो, पत्र घेतो. कधी हातात बांगड्या असतात, कधी नसतात. एकदा त्या हाताला शाई लागलेली असते. बस, एवढंच. शेवटपर्यंत हातामागचा माणूस दिसत नाही. त्यात काम केलेली माणसं पुन्हा कुठे दिसली नाहीत, काढणाऱ्यानं दुसरा काढला की नाही कोण जाणे. नत्थूजींचं म्हणणं, इतका चांगला पिक्चर ज्यानं काढला त्याला पैसे संपल्यामुळे भूत परवडलं नसणार, आणि तेच त्याच्या पथ्यावर पडलं. मी म्हटलं, मुद्दाम केलं असेल. ते म्हणाले, "असन. पन गरिबीनं झालं असन तर मले जास्त आवडन."

हसण्याच्या पिक्चरची परीक्षा वेगळी होती. तो काकूंसोबत पाहायचा. काकू खाली बसून काहीतरी निवडत असत, तूरडाळ, जवस, मेथी, काहीही. त्यांचं पडद्याकडे अर्धंच लक्ष. त्यांचा हात थांबला की पिक्चर पास. काकू हसल्या की नाही हे नत्थूजी पाहतच नसत, फक्त हाताकडे पाहत. 'बहिरा' लागला की तो हात बराच वेळ थांबे. त्यात एक कारकून आहे. कामाचा ताप चुकवायला तो बहिरा झाल्याचं सोंग घेतो. मग साहेब, मेहुणा, घरची बायको, सगळे त्याच्या तोंडावर वाटेल ते बोलायला लागतात. आयुष्यभर हिरोच्या मागे ट्रे घेऊन उभा राहिलेला एक नट त्यात मुख्य कामात आहे. नत्थूजी म्हणत, "साइडवाल्याले एकडाव हिरो केलं का तो जीव ओतते." सुरुवातीला ते खळखळून हसत. शेवटच्या अर्ध्या तासात मात्र त्यांचं हसणं बंद होई. "त्याचे डोये पाह्य मास्तर. तोंड हसून राह्यलं, अन् कान सगळं आयकून राह्यले. लय कठीन काम आहे थे."

आणि खुनाच्या पिक्चरबद्दल त्यांचं एक मत होतं, जे मी तेव्हा मजेत वहीत लिहून ठेवलं होतं आणि आता वाचवत नाही. 'रेस्टहाउसचा' मध्ये धरणाजवळच्या रेस्टहाउसवर एक इंजिनियर मेलेला सापडतो. सात माणसं, प्रत्येकावर संशय. नत्थूजींना खुनी कोण याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. "खून कोनं केला थे पोट्ट्यायनं पाह्यचं. आपुन पाह्यचं का कोनाले माहीत होतं अन् कोन चूप राह्यलं. खुनी एकच असते. चूप राह्यनारे लय असते." त्या पिक्चरातला खानसामा त्यांच्या मते खरा माणूस. त्याला पहिल्यापासून सगळं ठाऊक असतं आणि तो सगळ्यांना चहा देत फिरतो.

माझ्याशी त्यांची दोस्ती जमली त्याचं कारण माझा शहाणपणा नव्हे. कॉलनीत नवा राहायला आलो तेव्हा त्यांनी चार शेजाऱ्यांना एक पिक्चर दाखवायला बोलावलं होतं. विहिरीचं काहीतरी होतं. संपल्यावर सगळे म्हणाले वा वा, काय पिक्चर आहे. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "नत्थूजी, मी मधे झोपलो. फार कंटाळवाणा आहे." काकूंच्या हातातला चहाचा ट्रे जागीच थांबला. नत्थूजींनी मात्र मांडीवर थाप मारली. "आयकलं का? मलेबी तसंच वाटते. पंधरा वर्सं झाली, कोनी बोललंच नाई!" त्या दिवसापासून पिक्चर संपला की ते माझ्याकडे वळून विचारत, "मास्तर, पास का नापास?" मी जे वाटेल ते सांगे. त्यांच्या लाडक्या पिक्चरांना मी नापास केलं तरी त्यांना राग येत नसे, कारण विचारत. एकदा इतर लोकांसमोर म्हणाले, "हा मानूस तोंडावर बोलते. असा एक तरी शेजारी पाह्यजे." मला ते फार आवडलं होतं. मी ते घरी येऊन बायकोला सांगितलंसुद्धा.

कॉलनीत मात्र नत्थूजींची ओळख वेगळी होती. एकदा असाच भुताचा पिक्चर चालू होता, बाई आरशात पाहत होती, आरशातली बाई पाहत नव्हती, आणि नेमका त्या क्षणी सिलिंडरवाल्यानं उघड्या दारावर पाना वाजवला. नत्थूजी दिवाणावर उभे. उभे म्हणजे अक्षरशः, धोतर सावरत, पंख्याला डोकं लागेल इतके. कप फुटला, बशी फुटली, सिलिंडरवाला खांद्यावर टाकी घेऊन तसाच हसत बाहेर पळाला. त्यानं ती गोष्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलनीत पोचवली. तेव्हापासून नत्थूजी म्हणजे भित्रा माणूस हे ठरून गेलं. गणपतीत पोरं त्यांच्यामागे जाऊन "भ्या!" करत. लग्नाकार्यात जेवणाच्या पंगतीत त्यांची नक्कल होई. तेही हसत, स्वतःच उडी मारून दाखवत.

मलाही ते भित्रेच वाटायचे. वाटू नये असं एक बोलणं मात्र मी ऐकलं होतं. त्यांच्यासोबत कारंज्याला काम केलेले एक गृहस्थ एकदा आले होते. त्यांनी सांगितलं की वादळात हायवेवर तार तुटून पडली, तेव्हा बाकीचे गाडीखाली बसले होते आणि नत्थूजी खांबावर होते. मी नत्थूजींना विचारलं, तिथे भीती वाटली नाही? ते माझ्याकडे जरा आश्चर्यानं पाहत राहिले. "वाटली ना. नाई वाटन तर काय? पोलवर भेव वाटलंच पाह्यजे मास्तर. ज्याचं भेव गेलं तो लाइनमन गेला. माह्यासोबतचे दोघं गेले तसेच. भेव असलं का हात जागेवर राह्यते. म्हून तर खाली एक मानूस उभा ठेवतेत. काही करत नाई तो, नुसता वर पाह्यते. पन त्याच्या भरोशावर वरचा मानूस भेव घेऊन काम करते." त्यावर मी काहीतरी गमतीचं बोललो आणि विषय संपला. हे बोलणं मी नीट ऐकलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

गेल्या पावसाळ्यात त्यांचं पोट दुखू लागलं. जेवण तुटलं, सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. प्रशांत पुण्याहून आला, सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवलं, मग नागपूरला. परत आल्यावर संध्याकाळी प्रशांत भिंतीपाशी उभा राहिला. तो माझा विद्यार्थी नव्हता, पण मला सर म्हणायचा. म्हणाला, "सर, कॅन्सर आहे. पसरलाय. काही महिने, असं म्हणताहेत. बाबांना अल्सर सांगितलंय. त्यांना कळता कामा नये." मी काही बोलायच्या आत काकू मागून आल्या. डोळे पुसून पुसून लाल झालेले. "मास्तर भाऊ, तुमी तोंडावर बोलता म्हून सांगते. त्यायले सांगजा नोका. तुमाले तर मालूम आहे त्यायचं काळीज. पिक्चरमधल्या भुताले भेतेत थे. हे आयकलं तर त्याच दिवशी जातीन." मी म्हणालो, "नाही सांगणार काकू." मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. उलट आपण त्यांच्यावर उपकार करतोय असंच वाटलं. आपल्याकडे असंच करतात. माझ्या वडिलांच्या वेळीही असंच केलं होतं.

आठ दिवसांत कॉलनीत सगळ्यांना माहीत झालं, एका नत्थूजींना सोडून. आणि लोक चांगले वागायला लागले. पाण्याच्या पाइपावरून ज्यांनी वर्षानुवर्षं बोलणं टाकलं होतं ते पपई घेऊन आले. पोरांनी "भ्या" करणं सोडलं. नक्कल करणारे गृहस्थ येऊन पाया पडून गेले. नत्थूजी मला म्हणाले, "मास्तर, हे लोक काऊन इतके गोड बोलून राह्यले? अल्सरले कोनी पाया पडते का?" मी म्हणालो, "तुम्ही मोठे आहात." ते म्हणाले, "मी तर पयलेपासूनच मोठा आहो."

माझं मन मला खात होतं. त्या खाण्यातून सुटायला मी इंटरनेटवर बसून, खूप खटपट करून 'रेस्टहाउसचा' शोधून काढला. तो तोपर्यंत आम्हाला कधी सापडला नव्हता, मी फक्त त्यांच्या तोंडून ऐकला होता. दसऱ्याच्या सुट्टीतली दुपार होती. दारं नेहमीप्रमाणे उघडी. काकू मंदिरात गेल्या होत्या. नत्थूजी उशीला टेकून बसले होते, मी शेजारी. पिक्चर खूपच खराब प्रतीचा होता, पण ते पाहत होते ते डोळ्यात प्राण आणून. पोलीस आले, सात माणसं ओळीत बसली, खानसामा चहा घेऊन आला. तिथे नत्थूजींनी रिमोटचं बटण दाबलं. पडद्यावर खानसामा ट्रे घेऊन थिजला.

"मास्तर," ते म्हणाले. आवाज अगदी रोजचा. "मले एक सांग. तू खोटं नाई बोलत म्हून तुलेच विचारतो. हे अल्सर तुले पटते का?"

मी आजवर वर्गात हजार प्रश्नांना उत्तरं दिली आहेत. त्या प्रश्नाला मला फक्त "नाही" म्हणायचं होतं. बाकीचं त्यांनी विचारलं असतं किंवा विचारलंही नसतं. मी त्यांच्याकडे न पाहता म्हणालो, "पटतं ना. साधा अल्सर आहे. माझ्या मामांना झाला होता. पथ्य पाळलं, सहा महिन्यांत ठणठणीत." मला मामा नाहीत. एवढं जास्तीचं खोटं मी का बोललो ते मला अजून कळत नाही.

त्यांनी हातातला रिमोट टीव्हीकडे वळवला. मग म्हणाले, "हाव का? बरं झालं विचारलं." आणि बटण दाबलं. पिक्चर पुढे चालू झाला. शेवट आला, खुनी सापडला, नावं वर सरकली. मी वाट पाहत होतो. त्यांनी पास का नापास ते विचारलं नाही. टीव्ही बंद करून म्हणाले, "ऊन लय आहे, सांभाळून जाजो." आमच्या दोन घरांत वीस पावलांचं अंतर.

त्यानंतर भिंतीवर त्यांचं डोकं दिसलं नाही. मीच जात राहिलो. मी गेलो की ते बातम्या लावत. कापसाचा भाव, पाऊस, प्रशांतची पुण्यातली गाडी, असं बोलत. चहा पाजत. कधी चिडले नाहीत, टोमणा मारला नाही. मी एकदा म्हटलं, एखादा भुताचा लावू का? ते म्हणाले, "नाई आता. तब्येत बरी झाली का पाहू." काकू मला दारापर्यंत सोडायला येऊन हळूच म्हणाल्या, "पाह्यलं? त्यायले अजून बरं होईन असंच वाटते. देवाची कृपा." मी मान डोलावली. आतल्या खोलीतून बातम्यांचा आवाज येत होता.

डिसेंबरच्या सुरुवातीला प्रशांत दोघांना पुण्याला घेऊन गेला. गाडी निघाली तेव्हा मी शाळेत होतो. शाळेत होतो म्हणजे मुद्दाम थांबलो होतो, शेवटची तासिका संपूनही. संक्रांत उलटल्यावर नत्थूजी तिकडेच गेले. तेरवी इकडे झाली. काकू माझ्या बायकोला जवळ घेऊन सांगत होत्या, "एक चांगलं झालं बाई. त्यायले शेवटपावतर मालूम नाई पडलं. भेव न घेता गेले." पंगतीतले सगळे हो हो म्हणाले. मीही म्हणालो. काकूंना मी आजही काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही, पण इथे लिहितो, कारण कुठेतरी ते असायला हवं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते नोव्हेंबरच्या अखेरीला, सेवाग्रामला. आईचे डोळे दाखवायला गेलो होतो. तिच्या डोळ्यांत औषध घातलं होतं, तासभर थांबायचं होतं. मी तिला बाकावर बसवून पाण्याची बाटली भरायला गेलो. लांबलचक व्हरांडा होता, दुपारी बराच रिकामा. वळणावरच्या खांबापाशी मला ओळखीचा आवाज आला.

नत्थूजी बाकावर बसले होते. एकटे आले होते. त्या सकाळी काकूंनी भिंतीवरून सांगितलं होतं की ते पेन्शनच्या कामाला, हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलेत, ऑटोनं. त्यांच्या मांडीवर फाईल होती. शेजारी कोणीतरी खेड्यातला म्हातारा, पांढरी टोपी, पायात टायरच्या चपला. दोघांच्या मधे म्हाताऱ्याची कापडी पिशवी. त्यांची ओळख तिथलीच असावी, बाकावरची.

"...पोटातून लिव्हरले गेला," नत्थूजी सांगत होते. "फेब्रुवारी पाह्यन का नाई, सांगता येत नाई म्हने. म्या सरळ विचारलं डॉक्टरले. सांगतलं त्यानं."

"घरी मालूम आहे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"सगळ्यायले मालूम आहे. मले मालूम आहे थे त्यायले मालूम नाई. थे माह्यासाठी लपवून राह्यले, मी त्यायच्यासाठी."

"मंग बोलता कोनाशी?"

नत्थूजी मांडीवरची फाईल सरळ करत म्हणाले, "शेजारी एक मास्तर आहे. त्याले विचारून पाह्यलं होतं. मले काई त्याच्याकून मालूम करून घ्याचं नोतं. मालूम तर होतंच. नुसतं कोनीतरी बसावं सोबत, इतकंच."

"मंग?"

"तोबी घरचाच निंगाला."

त्यात राग नव्हता. राग असता तर मी पुढे गेलो असतो असं मला वाटतं. म्हातारा म्हणाला, "भेव वाटते?"

"लय," नत्थूजी म्हणाले. "लय वाटते बाप्पा."

म्हाताऱ्यानं मधली पिशवी उचलून पलीकडे ठेवली आणि सरकून त्यांच्याजवळ बसला. नत्थूजींनी त्याचं मनगट धरलं. दोघं समोरच्या भिंतीकडे पाहत बसून राहिले.

मी किती वेळ खांबामागे उभा होतो मला सांगता येणार नाही. चार पावलं होती. मी बाटली न भरता मागे फिरलो, आईला उठवलं, आणि त्या व्हरांड्यातून न जाता मागच्या दारानं, सगळ्या इमारतीला वळसा घालून, उन्हातून तिला फाटकापर्यंत चालवत नेलं. तिला धड दिसत नव्हतं, माझा दंड धरून ती ठेचकाळत येत होती.

"काऊन रे, इतका फेरा काऊन?" तिनं विचारलं.

"तिकडे गर्दी होती," मी म्हणालो.